ऐनावरचे कोष आणि भावाचा पाय

माझ्या मुलीने रेशमावर संशोधन करायचं ठरवलं ही बातमी घरात सांगितली, तेव्हा वहिनीने पहिली चौकशी काठाची केली. म्हणजे साडीचा काठ रुंद असणार की बारीक. मी शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. समजावून सांगणं हा माझा धंदा, आणि आमच्या घरात त्या धंद्याला आजवर गिऱ्हाईक मिळालेलं नाही. तरी मी सांगायला बसलो, की ती साडी विणणार नाही. ती रेशीम विरघळवणार. रेशमाचा धागा म्हणजे अळीने तोंडातून काढलेलं प्रथिन. सोड्याच्या पाण्यात उकळून त्याच्यावरचा चिकटा घालवायचा, मग क्षाराच्या पाण्यात तो विरघळवायचा, आणि ते पाणी स्वच्छ करून काचेच्या बशीत वाळवलं की कांद्याच्या आतल्या सालीसारखा पातळ पापुद्रा मिळतो.

वहिनीने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या चेडवाबद्दल, म्हणजे मुलीबद्दल, विचारलं, "एवढा बरा रेशीम पाण्यात घालूक ता चेडू पुण्याक गेला?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण घंटा होण्याआधी थांबायची सवय मास्तरांना नसते, आणि घरात घंटा नाही. मी पुढे सांगत गेलो. हा पापुद्रा जखमेवर ठेवला तर माणसाचं शरीर त्याला परकं मानत नाही. नव्या पेशी त्याच्यावर पाय रोवून वाढतात आणि काम झालं की तो हळूहळू आपोआप विरून जातो. उद्या ह्याच प्रथिनाचे हाडाला लावायचे खिळे होतील, विजेची बारीक उपकरणं त्याच्यावर बसवतील, आणि प्लॅस्टिकसारखा त्याचा कचरा समुद्रात तरंगत राहणार नाही. मुलीने फोनवर जेवढं सांगितलं होतं त्यात मी माझ्या पदरचं मीठ बरंच घातलं असावं. बोलताना मला फार छान वाटत होतं.

पडवीत स्टुलावर पाय ठेवून बसलेल्या माझ्या थोरल्या भावाने तेवढ्यात मान वर केली.

"जखमेर लावतत?" त्याने विचारलं.

तिथून पुढे माझ्या आयुष्यातली शांतता संपली.

भावाच्या पायाचं सांगायला हवं. तो आमच्या तोंडवलीचा तांडेल, स्वतःची होडी चालवणारा. आदल्या हिवाळ्यात किनाऱ्याच्या खडपावर, म्हणजे खडकांवर, कालवं काढायला उतरला आणि शिंपल्याची धार उजव्या अंगठ्याच्या खाली, तळव्याला लागली. असे काप आमच्याकडे वर्षभर लागत असतात. माणसं त्याच्यावर दर्याचं पाणी ओततात, फडकं बांधतात आणि विसरतात. भावानेही तेच केलं. पण त्याला साखर होती. साखरेशी तो कायम असा वागत आला, की पाहुणी आलीय, चार दिवस राहील आणि आपल्या गावाला जाईल. ती गेली नाही आणि जखम भरली नाही. शिमगा झाला, आंबे पिकले, तरी तळव्याला आठ आण्याएवढं तोंड उघडंच.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज मलमपट्टी करा, खाऱ्या पाण्यात पाय घालू नका, अनवाणी चालू नका, गोळ्या चुकवू नका. ह्यातलं एकही होडीवर जमण्यासारखं नव्हतं. होडीवर माणूस उभा राहतो तो तळव्यावर. पाण्याचा ओढा कुठे आहे, फळी कुठून हलतेय, हे त्याला आधी पायाला कळतं आणि मग डोक्याला. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात जातात. तेव्हा भाऊ होडीवर उभा राहील की नाही, एवढा एकच प्रश्न घरात होता. तो कुणी मोठ्याने विचारत नसे. आणि त्या घरात मी जखमेवर लावायच्या रेशमाचं व्याख्यान देऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून भावाने मला शाळेत जाता-येता धरायला सुरुवात केली. पापुद्रा कधी येणार. मी त्याला नीट समजावलं. अगदी पडवीतल्या शहाबादीवर खडूने चित्र काढलं. आधी काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशी, मग उंदीर, मग सरकारी परवानग्या, मग दवाखान्यात तपासणी, आणि ह्या सगळ्याच्या शेवटी, खूप शेवटी, माणूस. भावाने चित्र पाहिलं. माझा उंदीर त्याला घुशीसारखा वाटला, ते बोलून झालं. मग तो म्हणाला, "म्हणजे चेडवाकडे तयार आसा मा?"

मी म्हटलं, तयार आहे, पण.

"मगे 'पण' कित्याक?"

ह्या 'पण'चं उत्तर मी पुढे कितीतरी महिने देत राहिलो आणि ते कुणाच्याही गळी उतरलं नाही. दोष त्यांचाही म्हणता येत नाही. आमच्याकडे कुणाच्या जाळ्यात मोठी सुरमई लागली तर शेजारच्या आजारी माणसाकडे तुकडा जातोच, त्याला परवानगी लागत नाही. घरच्या पोरीच्या हातात औषध आहे आणि घरच्या माणसाच्या पायाला जखम आहे, ह्या दोहोंच्या मध्ये उंदीर कुठून आला, हे त्यांना कळेना. शेवटी भाऊ आणि वहिनी दोघांनी मिळून निष्कर्ष काढला, की मास्तर पोरीपाशी शब्द टाकायला लाजतो.

मोबाइल तेव्हा नवेच होते आणि आमच्याकडे रेंज मिळायची ती किनाऱ्यावरच्या एका वाळूच्या उंचवट्यावर. मी तिथे उभा राहून मुलीला सगळं सांगितलं.  मला वाटलं रेंज गेली. मग ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही त्यांना काय सांगून ठेवलंत?" मी म्हटलं, तू सांगितलंस तेच. तिला ते पटलं नसावं. ती मला लहानपणापासून ओळखते.

त्याच फोनवर तिने माझ्याकडे एक काम मागितलं. ती ज्या रेशमावर काम करत होती ते तुतीचं नव्हे, रानातलं. ऐनाच्या झाडावर एक मोठी अळी असते, ती सुपारीएवढा टणक कोष करते. ह्या रानटी रेशमाच्या प्रथिनात एक अशी जागा असते की माणसाच्या पेशी तिथे घट्ट धरून बसतात. त्यांच्या सरांना वेगवेगळ्या जंगलांतले कोष तपासायचे होते, आणि कोकणातले कुणाकडेच नव्हते. पाऊस लागायच्या आत थोडे मिळतील का. सूत काढायचं नसल्यामुळे कापलेले चालतील. उलट कापून आतला किडा काढून टाका, कोष कोरडे ठेवा, वारा लागेल असे ठेवा. एवढ्याच सूचना होत्या. त्या मी घरी जशाच्या तशा सांगितल्या, ह्याबद्दल मी आजही शपथ घेईन.

भाऊ ऐकता ऐकता खुर्चीत सरळ बसला. आजवर तो मागणारा होता, आता देणारा झाला. माल आपल्याच रानातला लागतो म्हटल्यावर औषधावर आपला हक्क आपसूक आला, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी खडू शोधायला लागलो, पण त्याने हाताने थांबवलं.

रानातून काही आणायचं तर आधी देवाला सांगायला हवं, म्हणून गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं. गाऱ्हाणं घालणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी मला बाजूला घेऊन, नक्की काय मागायचं ते विचारलं. मी प्रथिन, पेशी आणि परवानग्या ह्यांच्याबद्दल सविस्तर सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि देवापुढे उभं राहून सगळं दोन वाक्यांत आटपलं, की बा महाराजा, चेडू रेशमाचा काय ता करता, ता तेच्या हातसून होवंदे, आणि तुझ्या लेकराचो पाय होडयेर चढांदे. भोवतालच्यांनी होय महाराजा म्हटलं. मीही म्हटलं. म्हणताना लक्षात आलं, की दोन वेगवेगळ्या गोष्टी एका गाऱ्हाण्यात बांधल्या गेल्या आहेत आणि आता त्या सोडवणं माझ्या आवाक्याबाहेर आहे.

कोष गोळा करायला मी धामापूरच्या वरच्या डोंगरात गेलो. वैशाखात ऐनाला पान नसतं, त्यामुळे फांदीला देठाने लटकलेले कोष दिसतात असं मुलीने सांगितलं होतं. दिसतात, पण ते वर बघून चालणाऱ्याला, आणि वर बघून चालणाऱ्याला खालचे काटे दिसत नाहीत. आंबे काढायचा झेला खांद्यावर घेऊन मी सुट्टीतल्या कितीतरी सकाळी त्या रानात मान मोडून घेतली. वाटेत भेटणारे विचारायचे, मास्तर, आंब्याची झाडं तर खाली आहेत. पहिले काही दिवस मी त्यांना रेशमाचं सांगत असे. नंतर मी हो म्हणायला लागलो.

पिशवी घरी आली की भाऊ अडकित्ता घेऊन बसायचा. कोष सुपारीसारखाच टणक, सुरीला दाद देत नाही, अडकित्त्यात बरोबर बसतो. एका बाजूला चिरायचा, आतला जाडजूड किडा वाडग्यात, कोष सुपात. किडे गळाला लावायला चांगले म्हणून शेजारचे घेऊन जात. मासळीची पारख करावी तशी भाऊ प्रत्येक कोषाची पारख करायचा. डाग असलेला बाजूला, नरम असलेला बाजूला. एक दिवस त्याने माझे निम्मे कोष नापास केले, तेव्हा मी म्हटलं, अरे, तिला बारीक तुकडेच करायचे आहेत. तो म्हणाला की माझ्या पायाला लागणार आहेत, तुझ्या नाही. मी नापास कोष गुमान उचलले. अर्धा हिवाळा आणि सबंध उन्हाळा त्या खुर्चीत चिडचिड करत काढल्यावर त्याच्या हाताला प्रथमच काम मिळालं होतं.

निवडलेले कोष कापडी पिशवीत भरून वहिनीच्या ताब्यात दिले. कोरडं ठेव, वारा लागेल असं ठेव. ती म्हणाली, माका शिकव नको.

मग पावसाचे दिवस आले, आणि पायाचं बिघडलं. अंगठ्याला सूज आली, त्याचा रंग बदलला, भावाला ताप येऊ लागला. आम्ही तालुक्याला गेलो. डॉक्टरांनी फोटो काढला आणि तो उजेडासमोर धरून मला दाखवला. पू हाडापर्यंत गेला होता. अंगठा आत्ता काढला तर पाय वाचेल, असं ते म्हणाले. थांबलात तर पुढच्या खेपेला मी अंगठ्याबद्दल बोलणार नाही.

भावाने थंडपणे सांगितलं, की घरात औषध तयार होतंय, तोपर्यंत थांबतो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत ज्यांना विज्ञान शिकवलं त्यांतलेच ते एक, त्यामुळे त्यांच्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य होतं, आणि ते मला जास्त लागलं. भावाने सूज उतरवायच्या गोळ्या घेतल्या आणि आम्ही घरी आलो. रस्ताभर मी बोलत होतो. त्याने खिडकीतून बाहेर बघत एवढंच म्हटलं, "बोट तोडूक मी देवचंय नाय. चेडू करता मा?"

मी त्या वाळूच्या उंचवट्यावर छत्री घेऊन गेलो आणि मुलीला म्हटलं, तू ये. कोष न्यायला म्हणून ये.

ती आली. रात्रभर बसमध्ये बसून आलेली, डोळे तारवटलेले. चहा झाल्याबरोबर वहिनीने विजयी मुद्रेने स्वयंपाकघरातून पिशवी आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली. पिशवी उघडायच्या आधीच मला वास आला. खाऱ्या बांगड्याचा आणि धुराचा.

झालं होतं ते असं. आमच्याकडे पावसाळा काढायचा ऐवज, म्हणजे सुके बांगडे, सुकी सुंगटं, पुढच्या वर्षाचं बियाणं, हे सगळं चुलीच्या वर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर ठेवतात. खालून धग आणि धूर लागत राहतो, म्हणून भर आषाढातही त्याला बुरशी येत नाही. घरात गॅस होता, पण पावसाळ्यात वहिनी चूल बंद होऊ देत नसे, ती ह्याच ताटीसाठी. घरातली सगळ्यात कोरडी, सगळ्यात वाऱ्याची, सगळ्यात मानाची जागा तीच. वहिनीने बांगडे एका बाजूला सारून मधोमध कोषांना जागा दिली होती. रोज संध्याकाळी नारळाच्या किशीचा, म्हणजे काथ्याचा, थोडा जास्तीचा धूर घालत होती. नवऱ्याचा पाय जिच्यात आहे ती पिशवी तिने जिवापाड जपली होती.

"बघ," ती म्हणाली, "एकाक पण बुरो येवक नाय."

मुलीने एक कोष हातात घेतला. ताटीवर गेला तेव्हा मातकट पिवळा होता, आता कडक चहाच्या रंगाचा झाला होता. तिने तो नाकाशी नेला, मग खिडकीपाशी जाऊन पाहिला. बोटाला तेलकट काळं लागलं. तिने कोष परत पिशवीत ठेवला, तेव्हा मला कळलं, की माझी मान, माझी सुट्टी, भावाचा अडकित्ता आणि वहिनीचा धूर, सगळं मिळून काहीही उरलेलं नाही. तिने हळू आवाजात सांगितलं, की धग आणि धूर लागला की हे प्रथिन घट्ट आणि टणक होतं, विरघळत नाही. आणि विरघळलं तरी त्यात धुरातलं आणि माशाच्या तेलातलं काय काय उतरलंय ते सांगता येणार नाही. पेशी अशा पापुद्र्यावर जगायच्या नाहीत.

वहिनीने विचारलं, की सोड्यात उकळणारच आहेस ना, मग धुरानेच काय होतं. हा प्रश्न चांगला होता. मी खिडकीतून माडांकडे पाहायला लागलो. मुलीने उत्तर दिलं, पण ते पुण्याच्या मराठीत होतं, लांब होतं, आणि वहिनीचं लक्ष पिशवीकडे होतं. तिने पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. मग आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

भाऊ मात्र खचला नाही, आणि हेच वाईट झालं. तो म्हणाला, हरकत नाही. पुढच्या वैशाखात पुन्हा कोष काढू, ह्या वेळी चुलीवर ठेवायचे नाहीत, तोवर पाय कसाबसा सांभाळतो. एक वर्ष काय, बघता बघता जातं. आणि तोपर्यंत पुण्याला जे काही तयार असेल त्यातला तुकडा असला तर दे.

तुकडा होता. दाखवायला म्हणून तिने आणला होता, एका छोट्या झाकणाच्या काचेच्या बशीत. तुतीच्या रेशमाचा, नीट झालेला. भावाने तो उजेडात धरला. मागची खिडकी त्यातून आरपार दिसत होती. इतका पातळ, की त्याच्या जाड बोटांत तो आहे की नाही ते कळेना. मग त्याने तो बशीत ठेवून लुंगी वर घेतली, पट्टी सोडायला सुरुवात केली आणि पाय तिच्यापुढे केला.

मी इथे कसा होतो ते सांगतो. विज्ञानाचा मास्तर म्हणून मला माहीत होतं, की हाडाला पू झालेल्या जखमेवर असा पापुद्रा ठेवणं म्हणजे घाणीवर झाकण ठेवणं. आणि तरी मी मनात म्हणत होतो, ठेव. एवढासा तुकडा आहे, ठेव त्याच्या पायावर, त्याला बरं वाटेल, मग नेऊ दवाखान्यात. इतक्या महिन्यांच्या कटकटीने मी असा पिळून निघालो होतो, की मला फक्त हे सगळं थांबायला हवं होतं.

तिने पट्टी सोडणारा त्याचा हात धरला. वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "उंदराक लावतंस, आणि मोठ्या बाबाक नाय?"

मुलगी वहिनीकडे न बघता भावाशी बोलली. इतका वेळ ती पुण्याच्या मराठीत बोलत होती. आता मालवणीत बोलली. लहानपणापासून त्याच्याशी ती अरेतुरेच करते.

"उंदीर मेलो तर मी लिवन ठेवतंय. तुका काय झाला तर मी काय लिवू?"

भावाने बशीकडे पाहिलं.

"मोठ्या बाबा, ह्या तुझ्यासाठी नाय. ह्या वर्साक नाय, फुडच्या वर्साक नाय. माझा शिक्षण पुरा होयत, माका नोकरी लागात, तरी ह्या तुझ्या पायापर्यंत येवचा नाय. तू ह्याची वाट बघतंस आणि पाय जाता. वाट बघू नको. उद्या चल."

इतकं सरळ त्याला इतक्या महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नव्हेच. मी 'नाही' कधी म्हटलंच नव्हतं. मी पेशी म्हटलं, उंदीर म्हटलं, परवानग्या म्हटलं, शहाबादीवर चित्रं काढली. आणि ह्यातल्या प्रत्येक शब्दाच्या फटीतून भावाला हवी तेवढी आशा मिळत गेली होती.

भावाने बशी तिच्या हातात परत दिली, झाकण नीट बसलंय का ते बघून. मग लुंगी खाली ओढली. "असा आधी सांगूचा," तो माझ्याकडे बघून म्हणाला. तिच्यावर तो रागावला नाही. सगळा राग माझ्या वाट्याला आला, आणि त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पण सकाळी उठून, सदरा घालून तो गाडीची वाट बघत पडवीत बसला होता.

अंगठा गेला आणि शेजारचं बोटही गेलं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस आधी आला असता तर एकावर भागलं असतं. हे वाक्य त्यांनी माझ्याशी बोलताना म्हटलं, भावाशी नाही. टाके घालून झाल्यावर भावाने परिचारिकेला विचारलं, की हा काळा धागा कसला. ती म्हणाली, रेशमाचा. वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी बाहेर जाऊन कँटीनमध्ये दोन चहा प्यायलो.

धुरकटलेले कोष मुलगी पुण्याला घेऊन गेली होती, वहिनीला बरं वाटावं म्हणून. तिने ते खरंच उकळून पाहिले. थोडं विरघळलं, त्याचा पापुद्रा झाला, वाळल्यावर तडकला, आणि प्रयोगशाळेत दोन दिवस बांगड्याचा वास येत राहिला. तिच्या सरांनी विचारलं की हे कुठले. ती म्हणाली, घरचे. पुढच्या वैशाखात मी पुन्हा मान मोडून कोष आणले, ते कापल्या दिवशीच एसटीने रवाना केले. त्यावर तिचं काम झालं. पापुद्रा उंदरांच्या पाठीवर चढला, त्यांच्या जखमा छान भरल्या, तिच्या नावामागे डॉक्टर लागलं. अजूनही लग्नाकार्यात मला लोक विचारतात, मास्तर, ता रेशमाचा काय झाला, बाजारात इला? मी सांगायला सुरुवात करतो, आणि जेवणाची पंगत बसते.

पण मला सांगायची ती अंगठा गेला त्याच वर्षाची दिवाळीनंतरची गोष्ट. भावाची होडी दुसरा तांडेल घेऊन जात होता. जखम साध्या गॉजने, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने आणि वहिनीच्या रोजच्या पट्टीने भरत आली होती, आणि दवाखान्याने त्याला पायाच्या मापाचे मऊ तळव्याचे काळे बूट दिले होते. घराबाहेर पाऊल टाकायचं तर बूट घालूनच, अशी ताकीद होती. आयुष्यात ज्याने लग्नाच्या दिवशीसुद्धा चपला हातात घेतल्या, तो माणूस ते बूट घालून किनाऱ्यावर आला. मी बरोबर होतो. वाळू बुटात जात होती. तो थांबायचा, माझ्या खांद्याला धरून बूट झटकायचा, शिवी द्यायचा आणि पुन्हा चालायचा.

होडी पाण्यात ढकलत होते. नव्या तांडेलाने तिचं तोंड चुकीच्या बाजूला धरलं होतं, असं भावाचं म्हणणं. तो तिथून ओरडून सांगत होता. लाटांच्या आवाजात कुणाला ऐकू जात नव्हतं. दोन पावलं पुढे गेला की पाणी, आणि पाण्यात बूट चालत नाहीत. तो तिथेच उभा राहिला. होडी आडवी झाली, हिंदकळली, मग सरळ झाली आणि गेली. भाऊ ती लहान होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिला.   नेमकं कुणावर रागवायचं ते माझं ठरत नव्हतं.

मग त्याने विचारलं, की तुझं चेडू आता काय करतं. मी म्हटलं, उंदरांवर चालू आहे. अजून काही वर्षं लागतील.

"माजो अंगठो गेलो तो गेलो," तो बूट झटकत म्हणाला. "घाई नाय म्हणान सांग तिका. सगळा नीट बघान कर म्हणा."

मी फोन काढला. तो म्हणाला, आत्ता कशाला, इथे रेंज येत नाही, तिकडे वर जायला लागेल. आणि वाळूत बूट ओढत तो त्या उंचवट्याकडे चालायला लागला, माझ्या पुढे.